डोंगरावर ‘पित्त’ होत नसते

गणपती उठले की, आणि पुन्हा होळीच्या सुमारास, माझ्या दवाखान्यात एका निराळ्याच प्रकारचे पेशंट येऊ लागतात. त्यांना काहीही झालेले नसते. हातात एक छापील कागद असतो. ‘सदर व्यक्ती अति उंचीवरील पदभ्रमणास शारीरिकदृष्ट्या पात्र आहे’ अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो आणि खाली माझी सही व शिक्का हवा असतो. बहुतेकांना नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत जायचे असते. पूर्वी आपल्याकडची माणसे निवृत्तीनंतर काशीला जात, चारधाम करीत. आता बँकेतले, शाळेतले, कापडदुकानदार, वकील असे दहा-पंधरा जण मिळून एखाद्या ट्रेक नेणाऱ्या संस्थेकडे पैसे भरतात आणि बारा-चौदा दिवस हिमालयात चालून येतात. चांगली गोष्ट आहे. निदान त्या निमित्ताने सहा महिने आधीपासून लोक पोट कमी करू लागतात. मात्र सही करण्यापूर्वी मी प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटे बसवून घेतो, कारण त्या कागदाचा लोक भलताच अर्थ लावतात.

कागदाचा अर्थ इतकाच, की या माणसाचे हृदय, फुप्फुसे, रक्तदाब आणि गुडघे रोज सहा-सात तास चालण्याचा ताण सोसतील असे दिसते. वर गेल्यावर त्याला उंचीचा विकार होणार नाही, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही, आणि लिहिता येतही नाही. तो कोणाला होईल आणि कोणाला होणार नाही हे खात्रीने सांगणारी तपासणी आपल्या गावात नाही आणि मुंबईतही नाही. रोज पहाटे ग्राउंडला दहा फेऱ्या मारणारा पंचविशीचा तरुण वर जाऊन आडवा होतो आणि त्याच तुकडीतली पन्नाशीची गृहिणी सावकाश पावले टाकत पोहोचते. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी आपले जवान घाईघाईने हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले. त्या काळात या विकाराने आजारी पडलेल्या १,९२५ जवानांची माहिती लष्करातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली अमेरिकेतील एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. या विषयावरचा तो पायाभूत लेख आजही जगभर वाचला जातो. जवानांपेक्षा तंदुरुस्त माणसे आपण कुठून आणणार?

आता वर नेमके होते काय, ते पाहू. ‘वर ऑक्सिजन कमी असतो’ असे आपण सहज म्हणतो. खरे म्हणजे हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण समुद्रकाठी शेकडा २१ आणि एव्हरेस्टवरही शेकडा २१ च असते. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला पाऱ्याच्या स्तंभात तो ७६० मिलिमीटर भरतो. साडेपाच हजार मीटरवर तो साधारण निम्मा होतो. म्हणजे फुप्फुसे भरून घेतलेल्या एका श्वासात निम्माच माल येतो. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. बेस कॅम्पच्या वाटेवरचे लुक्ला हे विमानतळाचे गावच सुमारे २,८६० मीटरवर आहे. म्हणजे विमानातून उतरून पहिले पाऊल टाकता, तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या माथ्याहून बाराशे मीटर वर असता. तेथून नामचे बाजार ३,४४०, तेंगबोचे ३,८६०, डिंगबोचे ४,४१०, लोबुचे सुमारे ४,९४० आणि बेस कॅम्प ५,३६४ मीटर.

शरीर या माऱ्यापुढे लगेच हात टेकत नाही. ते जुळवून घेते, पण स्वतःच्या गतीने. पहिली गोष्ट, श्वास जलद होतो. जलद श्वासाने कार्बन डाय-ऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त किंचित अल्कलीकडे झुकते आणि मेंदू उलट श्वासाला ब्रेक लावू पाहतो. हा ब्रेक सैल करण्याचे काम मूत्रपिंडे करतात. जादा अल्कली लघवीवाटे बाहेर टाकतात. याला दोन-चार दिवस लागतात. म्हणून वर लघवी जास्त होणे हे चांगले लक्षण समजावे; रात्री थंडीत उठावे लागते म्हणून पाणी कमी पिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. झोपेत श्वास दहा-पंधरा सेकंद थांबतो आणि मग माणूस मोठा उसासा टाकून पुन्हा श्वास घेऊ लागतो, असेही होते. शेजारी झोपलेल्याची घाबरगुंडी उडते. पण त्या उंचीवर हे अनेकांना होते आणि एरवी बरे असलेल्या माणसाला त्यापासून धोका नसतो.

शरीराला हा वेळ न देता आपण चढत राहिलो की विकार सुरू होतो. साधा प्रकार म्हणजे डोके दुखणे आणि त्याबरोबर मळमळ, अन्न नकोसे होणे, गळून गेल्यासारखे वाटणे, चक्कर. याच वाटेवर फेरिचे नावाचे गाव आहे. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही संस्था १९७३ साली स्थापन झाली. तिचा दवाखाना तिथे ट्रेकच्या हंगामात चालतो. तिथे पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी या डॉक्टरांनी २७८ पदयात्रींची पाहणी करून १९७६ साली ती प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक लोकांत ही लक्षणे सापडली, आणि पायी चढत आलेल्यांपेक्षा लुक्लाला विमानाने उतरलेल्यांत ती जास्त होती. म्हणजे डोके दुखणे यात लाजण्यासारखे काही नाही. दर दुसऱ्या माणसाचे दुखते.

पुढचे दोन प्रकार मात्र जिवावर बेतणारे आहेत. एकात मेंदूला सूज येते. माणूस झोकांड्या देतो, असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा अगदी गप्प होतो, आणि वेळीच खाली नेले नाही तर बेशुद्ध पडतो. दुसऱ्यात फुप्फुसांत पाणी साठते. आधी चढावर दम लागतो, मग बसल्या जागी लागतो, खोकला येतो, छातीत घरघर ऐकू येते, पुढे गुलाबी फेसाळ कफ पडतो. हा प्रकार बहुधा उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्री बळावतो, आणि त्याआधी डोके दुखलेलेच असेल असे नाही. आपली माणसे त्याला ‘सर्दी छातीत उतरली’ म्हणतात आणि छातीला बाम चोळतात.

पहिल्याला आपल्याकडे जे नाव मिळते ते याहून घातक आहे: पित्त. महाराष्ट्रात डोके दुखले, मळमळले, जेवण नको वाटले की निदान तयारच असते. ‘काल फार तेलकट झालं’, ‘जागरण झालं’, ‘चहा जास्त झाला’. घरी बहुतेक वेळा हे खरेही असते. तीन हजार मीटरच्या वर मात्र पित्त होत नसते, असेच धरून चालावे. तिथे जे काही दुखेल-खुपेल ते, दुसरे काही असल्याचे सिद्ध होईपर्यंत, उंचीमुळेच झाले आहे असे मानायचे.

२०१८ च्या ऑक्टोबरात मी आपल्याच जिल्ह्यातील चौदा जणांच्या तुकडीबरोबर या वाटेने गेलो होतो. त्यात अठ्ठावन्न वर्षांचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. काटक माणूस, रोज टेकडी चढणारे. आम्ही सगळे त्यांना सर म्हणत असू. लोबुचेला संध्याकाळी जेवायला सर आले नाहीत. खोलीत जाऊन पाहिले तर बुटांसह पलंगावर बसलेले. ‘काही नाही हो डॉक्टर, पित्त झालंय. गोळी घेतली आहे,’ म्हणाले. आमच्या मदतनीस गाइडांपैकी एक जण नेहमी सर्वांच्या मागे चालायचा. तो माझ्या पाठोपाठ आला आणि हळूच म्हणाला, ‘डॉक्टरसाब, सर ने आज जूते का फीता नहीं बांधा. दो बार मैंने बांधा.’

एवढे पुरे होते. मी सरांना उभे करून फरशीच्या फटीवरून चालायला लावले: एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत, सरळ रेषेत. ही तपासणी कोणालाही करता येते. यंत्र लागत नाही, डॉक्टर लागत नाही. तिसऱ्या पावलाला सर भिंतीवर गेले. मेंदूला सूज येऊ लागल्याची ही खूण. माझ्या पेटीतले डेक्सामेथासोनचे ८ मिलिग्रॅम त्यांना दिले आणि खाली जायचे ठरवले. मंडळी म्हणाली, ‘आता अंधारात कुठे नेता? सकाळी पाहू, हेलिकॉप्टर मागवू.’ हेलिकॉप्टर तिथे रात्री येत नाही; सकाळीही ढग असले तर येत नाही. आणि मेंदूची सूज सकाळपर्यंत थांबत नाही.

तो मागे चालणारा गाइड, एक हमाल, सर आणि मी असे चौघे साडेसातला निघालो. थुकला खिंडीत एव्हरेस्ट परिसरात मरण पावलेल्या गिर्यारोहकांची दगडी स्मारके आहेत. बॅटरीच्या उजेडात ती ओलांडताना कोणी काही बोलले नाही. सरांना दोघांनी दोन्ही बाजूंनी धरले होते. फेरिचेच्या दवाखान्यात पोहोचायला साडेअकरा झाले. उतरलो किती, तर जेमतेम पावणेसहाशे मीटर. तिथे रात्रभर ऑक्सिजन दिला. पहाटे सरांनी चहा मागितला आणि ‘आपण कुठे आहोत?’ असे विचारले. लोबुचे सोडल्याचे त्यांना काहीच आठवत नव्हते. दुसऱ्या दिवशी आणखी खाली पांगबोचेला नेले आणि तिसऱ्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी चालू लागले. त्यामुळे मी बेस कॅम्प पाहिलेला नाही. ‘वरून कसं दिसतं हो?’ असे मला रस्त्यात अडवून विचारणाऱ्यांसाठी हे सांगून ठेवतो.

सरांचे डोके डिंगबोचेपासून, म्हणजे दोन दिवस, दुखत होते. कोणाला का सांगितले नाही, असे मी नंतर विचारले. ते म्हणाले, ‘माझ्या एकट्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको, म्हणून.’

वाचकहो, या वाक्यासाठीच आजचा लेख लिहायला घेतला आहे. काठमांडूत अनेक वर्षे प्रवाशांवर उपचार केलेल्या डेव्हिड श्लिम या डॉक्टरांनी एका सहकाऱ्यासह १९८७ ते १९९१ या काळात नेपाळमध्ये झालेल्या पदयात्रींच्या मृत्यूंचा अभ्यास केला. उंचीच्या विकाराने मेलेल्यांपैकी शेकडा ८० जण संस्थांनी नेलेल्या तुकड्यांतले होते. एकूण पदयात्रींत मात्र असे तुकडीने जाणारे शेकडा ४० च होते. गाइड बरोबर, मदतनीस बरोबर, जेवण-निवास ठरलेले, आणि मृत्यू जास्त! कारण अवघड नाही. एकटादुकटा माणूस डोके दुखले तर एक दिवस तिथेच पडून राहतो. तुकडीतल्या माणसापुढे छापील कार्यक्रम असतो. उद्याच्या मुक्कामाच्या खोल्या ठरलेल्या, परतीचे विमान ठरलेले, लाख-दीड लाख रुपये भरलेले, गावात सत्काराची तारीखसुद्धा ठरलेली. अशा वेळी माणूस दुखणे गिळतो. आपल्या मध्यमवर्गीय माणसाला दुसऱ्याचा खोळंबा करण्याची जितकी भीती वाटते तितकी मरणाचीही वाटत नाही.

गाइडच्या बाजूनेही पाहा. रात्रीच्या जेवणाला तो विचारतो, ‘सब ठीक है?’ चौदा माना हलतात. गाइड डॉक्टर नसतो. तुम्ही लपवलेले त्याला कळावे ही अपेक्षा रास्त नाही. म्हणून मी जाणाऱ्यांना जोड्या लावून घ्यायला सांगतो. आपल्या जोडीदाराने किती खाल्ले, तो झोपला का, सरळ चालतो का, नेहमीसारखा बोलतो का, हे रोज संध्याकाळी गाइडला सांगायचे. स्वतःचे सांगायचेच नाही, दुसऱ्याचे सांगायचे. नवरा-बायकोची जोडी असेल तर उत्तम. बायका नवऱ्याला काही लपवू देत नाहीत, असा माझा दवाखान्यातला तीस वर्षांचा अनुभव आहे.

पैसे भरण्यापूर्वी संस्थेला दोन-चार प्रश्न निःसंकोच विचारावेत. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याचे ठिकाण एका दिवसात सरासरी पाचशे मीटरहून अधिक वाढता कामा नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, हा सर्वमान्य नियम आहे. तेव्हा नामचे आणि डिंगबोचेला दोन-दोन रात्री आहेत का, हे पाहावे. नसतील तर ती संस्था सोडावी, कितीही स्वस्त असो. एखादा माणूस आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण जाणार, आणि तो गेल्यावर उरलेल्यांकडे कोण पाहणार? या प्रश्नाला अडखळत उत्तर आले तर समजून घ्यावे. विमा त्या उंचीपर्यंतचा आणि हेलिकॉप्टरचा खर्च देणारा हवा. गरज नसताना हेलिकॉप्टर मागवून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार २०१८ साली नेपाळ सरकारच्याच चौकशीत बाहेर आले होते. पण म्हणून खऱ्या आजाऱ्याने संकोच करू नये. आणि सामान वाहणाऱ्या हमालांचे काय, तेही विचारा. त्यांतले पुष्कळ जण खालच्या खोऱ्यांतले असतात. विरळ हवा त्यांनाही तशीच बाधते, आणि मजुरी बुडेल म्हणून ते तुमच्यापेक्षा जास्त लपवतात.

औषधांबद्दल थोडेसे. ॲसेटाझोलामाइड, म्हणजे लोक ज्याला डायमॉक्स म्हणतात ते, मूत्रपिंडांचे वर सांगितलेले काम लवकर करून घेते. मोठ्या माणसाला प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढ सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. सल्फाच्या औषधाने पूर्वी अंगावर उठले असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. ही गोळी घेतली म्हणजे दोन मुक्काम एका दिवसात करण्याचा परवाना मिळाला असे नव्हे. डेक्सामेथासोन खाली उतरवताना जीव वाचवते. पण डोके दुखू नये म्हणून ते गुपचूप घेत चढत राहणे फार वाईट, कारण लक्षणे झाकली जातात आणि गोळी थांबवली की विकार उसळून येतो. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर्ज्य. रुमालात कापूर बांधून हुंगण्याची आपल्याकडे मोठी पद्धत आहे. वास छान येतो, नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातला ऑक्सिजन मात्र वाढत नाही. नेपाळी लोकांचे लसणाचे सूपही तसेच. थंडीत जरूर प्यावे.

२०२० च्या कोरोनापासून घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आणि लोक ते बरोबर नेतात. रात्री एकमेकांचे आकडे पाहण्याची स्पर्धा लागते. पाच हजार मीटरवर धडधाकट माणसाचाही आकडा ८० च्या आसपास दिसू शकतो. कोरोनातले ९४ तिथे विसरावे. डोके दुखून उलटी होत असताना केवळ आकडा बरा दिसतो म्हणून चढणे हा वेडेपणा होय. लक्षणे असताना आणखी वर झोपायला जायचे नाही. तिथेच थांबून बरे वाटले तर पुढे. वाढत असतील, तोल जात असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल तर त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी, आणि कोणालाही एकटे न सोडता.

जुने आजार असणाऱ्यांनी तीन महिने आधी यावे, आदल्या आठवड्यात नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायच्या नसतात. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती बदलावी का, हे ठरवावे लागते. मधुमेह्यांनी इन्सुलिन गोठू नये म्हणून अंगालगत ठेवावे. कडक थंडीत साखर मोजण्याच्या पट्ट्याही चुकीचे आकडे दाखवतात. दोन जिने चढल्यावर छातीत आवळते त्यांना मी सही देत नाही, मग ते कितीही रागावोत. बायकांचे हिमोग्लोबिन तपासल्याशिवायही देत नाही. आपल्या भागात नऊ-साडेनऊवर वर्षानुवर्षे घरकाम ओढणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. निम्म्या दाबाच्या हवेत ते ओढले जात नाही. आधी लोहाच्या गोळ्यांचा कोर्स, मग हिमालय.

परत आल्यावर पुष्कळांना कोरडा खोकला राहतो. कोरड्या थंड हवेत दिवसभर तोंडाने श्वास घेतल्याचा तो परिणाम असतो आणि आठ-पंधरा दिवसांत जातो. त्याबरोबर ताप, पिवळा कफ किंवा दम असेल तर दाखवायला यावे, आणि वर कोणकोणत्या गोळ्या घेतल्या त्यांची रिकामी पाकिटे बरोबर आणावीत. ‘पांढरी लहान गोळी होती’ एवढ्यावरून मला काही ओळखता येत नाही.